स्वमग्न माणूस आणि वारकऱ्याचा धर्म

वारकरी वारकऱ्याला भेटला की त्याच्या पाया पडतो. समोरचा वयाने लहान की थोर, कोणत्या घरचा, कोणत्या गावचा, हे तो पाहत नाही; आणि समोरचाही उलट त्याच्या पाया पडतो. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती समतेची खूण आहे याचाही आपल्याला विसर पडतो. परंतु आज वाचकांपुढे आम्हांला एक प्रश्न ठेवावयाचा आहे. पायाला हात लागताच जो दचकून मागे सरतो, उराउरी भेटायला गेले की ज्याचे अंग ताठ होते, बोलताना जो आपल्या नजरेला नजर देत नाही, आणि टाळमृदंगाचा गजर चढला की जो कानांवर हात ठेवून दिंडीतून बाजूला निघून जातो, त्याला आपण काय म्हणावे? तो आपल्या समतेबाहेरचा, की आपली समताच कुठे तोकडी पडते?

लोक अशा माणसाला घुमा म्हणतात, तऱ्हेवाईक म्हणतात, कोणी माणूसघाणा म्हणतात. वैद्यकशास्त्र या स्थितीला ऑटिझम म्हणते आणि मराठीत तिला स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी १९११ साली दुसऱ्याच एका आजाराच्या वर्णनासाठी वापरला होता. पुढे १९२५ साली रशियातील सुखारेवा या विदुषीने, १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्ना येथे अ‍ॅस्परगर यांनी अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. कॅनर यांच्या लेखात अकरा मुले होती. ही सगळी वर्णने मुलांची, म्हणून आजही पुष्कळांचा समज असा की, हा लहान मुलांचा विषय आहे. पण मूल मोठे होते, बाबांनो! पाच वर्षांचा पोरगा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ होतो, आणि त्याची स्वमग्नता त्याच्याबरोबरच राहते. ती जन्मापासूनची मेंदूची घडण आहे. ती गोळीने जात नाही, अंगाऱ्याने जात नाही आणि लग्न करून दिल्यानेही जात नाही.

ही घडण सर्वांची एकसारखी नसते. कोणी जन्मभर शब्द बोलत नाही आणि त्याला जेवणाखाण्यापासून सोबत लागते. कोणी कचेरीत चोख हिशेब ठेवतो, आणि आपल्याला काय होते याचे नाव त्याला चाळिशी उलटल्यावर कळते. स्त्रियांच्या बाबतीत तर ते फारच उशिरा ध्यानात येते, कारण चारचौघींसारखे वागण्याचे सोंग त्या लहानपणापासून शिकतात. दिवसभर ते सोंग वठवून संध्याकाळी माणूस अगदी गळून जातो, घरचे म्हणतात, “बाहेर बरी बोलते, घरात आली की तोंड फिरवते.” आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचे ओझे अशांपैकी पुष्कळांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक वाटते. आडवळणाचे बोलणे त्यांना उमगत नाही. “या एकदा घरी,” असे आपण सहज म्हणतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहतो, आणि आपणच त्याला हसतो. वास्तविक तो आपल्या शब्दाला जागला. शब्द पोकळ होता तो आपला.

येथे कोणी शंका घेईल की, जो स्वतःतच मग्न, तो अहंकारी नव्हे काय? आणि अहंकार टाकल्यावाचून परमार्थ कसला? याचे उत्तर असे की, नावावरून माणूस ओळखू नये. अहंकाराला पाहणारे डोळे लागतात. आपल्याला लोकांनी पुढे बसवावे, आपला शब्द वर राहावा, हे त्याचे लक्षण. हा बिचारा तर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून निसटू पाहतो. नजर देत नाही ती तुच्छतेने नव्हे. नजर आणि शब्द दोन्ही एकदम झेलणे त्याला जड जाते, म्हणून शब्द नीट ऐकावा यासाठी तो नजर बाजूला ठेवतो. त्याला माया नाही असेही समजू नये. मायेची भाषा निराळी, एवढेच. मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली असे मांडले की, ही असमज दुहेरी आहे. त्याला आपण कळत नाही हे जितके खरे, तितकेच आपल्याला तो कळत नाही हेही खरे. मग समजून घेण्याचा सगळा भार एकट्या त्याच्याच डोक्यावर का?

दुसरा कोणी म्हणेल, हे पूर्वकर्माचे फळ, नाहीतर आईबापांच्या हातून काही चुकले. असे बोलणारे फक्त खेड्यातच असतात असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील मोठमोठे शिकलेले लोक म्हणत होते की, आईची माया थंड पडली म्हणून मूल असे झाले. रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ साली ग्रंथ लिहून ते मत खोडून काढले. आज शास्त्र सांगते की, यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. आईच्या प्रेमात उणे होते म्हणून हे होत नाही आणि मुलाला लस टोचल्यानेही होत नाही. जिने तीस-चाळीस वर्षे अशा लेकराचे सर्व केले, तिला कर्माचा दाखला देणे हा परमार्थ नव्हे. जखमेवर मीठ चोळायला ग्रंथ उघडू नयेत.

तिसरा एक भाविक याच्या अगदी उलट टोकाला जातो. तो म्हणतो, “अहो, हा तर अवधूत! याला जगाचे भानच नाही.” हे ऐकायला गोड लागते, पण यानेही त्या माणसाचे नुकसानच होते. त्याला भान आहे. दात दुखला तर दुखतो, अपमान झाला तर सलतो. एकाने पापी ठरवले, दुसऱ्याने सिद्ध ठरवले, पण “भाऊ, तुला काय हवे?” असे त्याला दोघांपैकी कोणी विचारले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समता म्हणजे सारखेपणा काय? आपल्या संप्रदायाने याचे उत्तर वागणुकीने केव्हाच दिले आहे. आषाढीला ज्याला रांगेत तास न् तास उभे राहवत नाही, तो मुखदर्शन घेतो. तेही न जमले तर नामदेव पायरीला माथा टेकतो, नाहीतर दुरून कळस पाहून हात जोडतो. त्याची वारी उणी पडली असे कोणी म्हणत नाही. देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवल्यावाचून दर्शन होते, मग माणसाच्या पायाला हात लावल्यावाचून त्याची भेट का होऊ नये? ज्याला स्पर्श सोसत नाही त्याला दुरून रामकृष्णहरी म्हणावे. त्याने मान हलवली तर ती भेट झाली.

याहून मोठा दाखला समाजआरतीचा. मुक्कामावर पालखी येते, दिंड्या सभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि एवढा अफाट समुदाय क्षणात निःशब्द होतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. तेव्हा “शिस्त मोडली, काढा यांना बाहेर,” असे कोणी ओरडत नाही. चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातो, काय अडले ते विचारतो, त्याचा निवाडा होतो. आणि मगच आरती पुढे चालते. वाचकहो, यातले मर्म फार मोठे आहे. सगळे शांत असताना एक टाळ वाजतो तो उपद्रव नव्हे, ते गाऱ्हाणे आहे, हे ज्यांनी ओळखले ते आपले पूर्वज. स्वमग्न माणूस गर्दीत कान झाकतो, अंग झुलवितो, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणतो, एकाएकी ओरडतो, तेव्हा तोही आपला टाळ थांबवीत नाही. अशा वेळी चोपदार व्हावे. काय बोचते, काय असह्य झाले, हे जवळ जाऊन हळू आवाजात विचारावे. बोलता येत नसेल त्याला लिहून किंवा चित्र दाखवून विचारावे.

हे नुसते भाबडे बोलणे नव्हे. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डॉनल्ड ट्रिप्लेट हा अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा; जन्म १९३३. पोर चारही वर्षांचे नव्हते तेव्हा वैद्यांच्या सल्ल्याने त्याला एका संस्थेत ठेवले. वर्षभराने आईबापांनी त्याला परत घरी आणले. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापाचा भारी नाद. त्या जोडप्याने तो नाद मोडला नाही, कामाला लावला: विहिरीची खोली मोजायला दिली, मक्याच्या ओळी मोजता मोजता तो नांगर धरू लागला. मोठेपणी तो पदवीधर झाला, गावच्या बँकेत काम करू लागला, मोटार हाकू लागला, एकटा देशोदेशी फिरून आला. गावाने त्याला त्याच्या तऱ्हांसह आपला मानला आणि जपला. २०२३ साली तो ८९ वर्षांचा होऊन वारला. ती बँक त्याच्या आजोळच्या माणसांची होती आणि घरी सुबत्ता होती, हे खरे. सर्वांचे नशीब तसे नसते. पण गावाने दिलेली आपुलकी पैशाने विकत आली नव्हती.

आपल्याकडच्या आईबापांच्या काळजाला एकच घोर असतो: “आमच्या मागे याचं कोण?” १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही ती आहे. त्यान्वये प्रमाणपत्र मिळते. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला खरोखरच गरज आहे त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. हे कागद वेळेवर करावेत. मात्र जो आपले मत सांगू शकतो, त्याच्या डोक्यावरून त्याचे निर्णय कोणी घेऊ नयेत. आणि कागद झाला तरी हाक मारणारे माणूस कागदातून येत नाही. ते दिंडीतून, आळीतून, भजनी मंडळातूनच यावे लागते.

म्हणून फडकऱ्यांना, विणेकऱ्यांना आणि गावोगावच्या भजनी मंडळांना आमची विनंती अशी. अशा माणसाला आधी सर्व बेत सांगावा: कुठे थांबायचे, किती वेळ, जेवण केव्हा. एकदा सांगितलेले सहसा बदलू नये. बदलले तर तेही सांगावे. नेम हा वारकऱ्याचा प्राण आहे, आणि नेमाची आवड यांच्याइतकी क्वचितच कोणाला असते. हरिपाठाची वेळ पुष्कळदा हेच आपल्याला शिकवतील. मृदंगापासून दूर, कडेची जागा द्यावी आणि बाजूला जाण्याची मोकळीक ठेवावी. झेपेल आणि आवडेल ते काम द्यावे: यादी, मोजदाद, टाळ पुसून ठेवणे. दया दाखवू नये; दयेत वरखाली असते, आणि वाळवंटात वरखाली नाही.

येत्या वारीपूर्वी प्रत्येक दिंडीने आपल्या गावात शोध घ्यावा. “त्याला घेऊन कुठं येणार?” म्हणून ज्यांची वारी वर्षानुवर्षे चुकली, असे एखादे घर सापडेलच. तिथे जावे, त्या मातामाउलीशी बोलावे, आणि तिच्या शेजारी खाली मान घालून बसलेल्या त्या गृहस्थालाही, त्याच्याकडे टक लावून न पाहता, स्वतंत्रपणे विचारावे, “येता का आमच्याबरोबर?” तो हो म्हणेल, नाही म्हणेल, किंवा चार दिवसांनी उत्तर देईल. तेवढे थांबावे.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!