पाहुण्याची नोंद कोणाची?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ चित्रपटातला शापित राजपुत्राचा वाडा उभा आहे आणि त्यात ‘बी अवर गेस्ट’ हे रेस्टॉरंट आहे. मॅजिकबँडच्या सुरुवातीच्या वर्षांत पर्यटक जेवण आधीच मागवून ठेवत आणि दिसेल त्या रिकाम्या टेबलाशी बसत. काही न सांगता नेमकं त्यांचंच ताट समोर येई. मॅजिकबँड या मनगटावरच्या रबरी पट्ट्यातली रेडिओ चिप त्यांची जागा मुदपाकखान्याला कळवत असे.

२०१३ मध्ये आलेल्या या पट्ट्याने उद्यानाचं फाटक उघडे, हॉटेलची खोली उघडे, खरेदीचे पैसेही चुकते होत. एकूण व्यवस्थेवर सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्यामागचा हिशेब सरळ आहे. रांगेत अडकलेला माणूस ना जेवतो, ना खेळणी घेतो. गर्दी कुठे तुंबली हे वेळीच कळलं, तर ती वळवता येते. यात पाहुण्याचाही फायदा आहे, आणि तो खरा आहे. लेकराला कडेवर घेऊन उन्हात ताटकळलेल्या आईला विचारावं.

पण आपली आवड, आपली वाट, आपली वेळ ज्याला ठाऊक आहे, तो आपल्याला ओळखतो का?

माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये, असं इमान्युएल कांटने १७८५ मध्ये बजावलं. नोंद ठेवली म्हणजे माणूस साधन झाला, असं मात्र नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. त्याही व्यवसायासाठीच, यजमान टिकतो तो त्या वहीमुळे. फरक इतकाच, की तिथे वही यात्रेकरूपुढे उघडली जाते. पणजोबांची सही तो स्वतः वाचतो, खाली आपली करतो. आठवण दोघांची असते. मनगटावरच्या पट्ट्याची वही एकाच बाजूला उघडते.

अमेरिकी काँग्रेसचे सदस्य एड मार्की यांनी जानेवारी २०१३ मध्येच डिस्नेला पत्र लिहून मुलांच्या माहितीबद्दल जाब विचारला होता. सहभाग ऐच्छिक आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण सहा वर्षांचं मूल कसली संमती देणार? त्याच्या वतीने आईवडील होकार देतात, तोही सुट्टीच्या घाईत.

युरोपात मे २०१८ पासून डिस्नेलँड पॅरिसच्या पाहुण्याला आपली नोंद मागण्याचा आणि ठरावीक परिस्थितीत पुसून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. भारताच्या २०२३च्या माहिती-संरक्षण कायद्यातही तशी तरतूद आहे. चित्रपटाच्या नावाने पाहुणे बोलावणाऱ्या प्रत्येक उद्यानाने कायद्याची वाट न पाहता ही वही पाहुण्यापुढे उघडावी. आतिथ्यात तेवढं बसतंच.