पूर्वजांच्या पंक्तीत
मनुष्य जन्मतःच मनुष्य असतो, की समाजाने त्याला आमरण घडवावे लागते, या प्रश्नाला चिखलदऱ्याच्या परिसरातील कोरकू समाज जे उत्तर देतो, ते मला फार सखोल वाटते. त्यांच्या दृष्टीने मृत्यूनेही ही घडण पुरी होत नाही. सिडोलीचा मृत्यूत्तर विधी होऊन, सूर्यचंद्र व घोडेस्वार कोरलेला सागवानी मुंडा, म्हणजे मृताचा स्मृतिस्तंभ, रोवला जाईतो, मृताला पूर्वजांच्या पंक्तीत स्थान मिळत नाही. (मृताला पितरांत सामील करणाऱ्या आपल्या सपिंडीकरणाच्या श्राद्धाशी याचे साम्य उघड आहे.) याउलट सरकारी दप्तरात माणूस जन्ममृत्यूच्या दोन रकान्यांत आटोपतो, गावाने त्याला काय दिले, हे तेथे दाखल होत नाही. सिडोलीचा खर्च मोठा असल्याने तो जमेपर्यंत कधी वर्षेही लोटतात, तरी मृताला पूर्वजांत पोहोचवण्याचे ऋण कुटुंबावर उभेच राहते.