साठीचा प्रवास

‘मला काय करायचंय तिकडे जाऊन? तुम्ही जा.’ हे वाक्य आमच्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की ते खरे आहे की नाही हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. गेल्या महिन्यात गोराईस एका स्नेह्यांच्या घरी ते आम्ही ऐकले.

वहिनींची साठी जवळ आली आहे. खाडीपलीकडील विपश्यना पॅगोडा २००९ साली लोकार्पित झाला, तेव्हापासून होडीने त्या कितीदा तरी तेथे जाऊन आल्या. एकाही खांबाच्या आधाराविना उभा असलेला तो विशाल घुमट रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधला आहे, हे तेथेच त्यांना कळले; आणि मूळ वास्तू एकदा पाहावी, अशी इच्छा मनात धरून त्या बसल्या. ब्रह्मदेशात २०२१ पासून लष्करी सत्ता व अशांतता. म्हणून रंगूनऐवजी सिंहलद्वीप, कँडीचे दंतमंदिर, असे ठरले. पहिली तडजोड येथेच झाली, आणि ती कोणाच्या ध्यानातही आली नाही.

मग हिशेब सुरू झाला. पासपोर्टाचे माणशी दीड हजार, विमानभाडे, राहणे. सात दिवसांचे चार झाले. भाजणीचा डबा बरोबर न्यावयाचे ठरले. तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा वहिनींनी वरील वाक्य उच्चारले. सर्वांनी त्यांच्या मनाच्या मोठेपणाची वाखाणणी केली. आम्हीही मान डोलावली, हे येथे कबूल केले पाहिजे.

परतताना मात्र मनास टोचणी लागली. ऋण काढून सण करू नये, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु काटकसर ही स्वतःच्या गरजांना लावावयाची कात्री होय. ती नेहमी एकाच माणसाच्या ताटावर चालू लागली, तर तिला दुसरे नाव शोधावे लागेल. ज्याला ‘हवे’ म्हणण्याची सवयच लागू दिली नाही, त्याच्या ‘नको’ला त्याग कसे म्हणावे? आणि दुसऱ्याने देऊ केलेला त्याग तत्काळ स्वीकारणे, यात सोय किती व आदर किती?

आमच्याकडे प्रवासास कारण लागते. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, धोंडो केशव कर्वे जगप्रवासास निघाले. महिला विद्यापीठाचे कार्य त्यांच्या पाठीशी होते. वहिनींपाशी असे कार्य नाही. नुसती इच्छा आहे. (चाळीस वर्षे घर चालविणे हे कार्य मानण्याची आपली रीत नाही, ती गोष्ट वेगळी.) इच्छा हे कारण म्हणून पुरेसे का नसावे?

दुसऱ्या भेटीत आम्ही एवढेच विचारले, ‘पैसे एकाच तिकिटापुरते असते तर?’ कोणी बोलले नाही. थोरल्या मुलाने कागद उलटून पहिल्या ओळीत आईचे नाव लिहिले. वहिनी अजून ‘बघू’ म्हणतात. पण पासपोर्टासाठी फोटो मात्र काढून आल्या आहेत.