सोबत्याची चूक झाकावी का?



बारावीनंतर आपल्या मुलाने सैन्यात अधिकारी व्हावे, असे स्वप्न आता आपल्या धर्मग्रामातील काही घरांतूनही पाहिले जाते. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली एनडीए, ही त्या वाटेवरची पहिली पायरी. जानेवारी १९५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. २०२२ साली तिचे दार मुलींसाठीही उघडले आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तेथील शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. साहजिकच पालक विचारतात : गणित किती पक्के लागते? धावायचे किती? मुलाखतीचे पाच दिवस कसे असतात? हे प्रश्न योग्यच आहेत. पण आज मला दुसऱ्याच एका प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. तो प्रश्न कॅडेटांना पडतो, तसाच तुम्हा-आम्हालाही पडतो.

खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षे एकत्र राहतात. एकत्र उठायचे, एकत्र धावायचे, एकत्र जेवायचे. एकजण मागे पडला तर दुसऱ्याने त्याला हात द्यायचा. तेथे जुळलेले नाते इतके घट्ट असते की सैन्यात ‘कोर्समेट’ या शब्दाला सख्ख्या भावाचा मान आहे. हे सारे मुद्दाम घडवले जाते. कारण गोळ्या सुटू लागल्यावर माणूस पुष्कळदा मोठमोठ्या तत्त्वांसाठी उभा राहत नाही, तो शेजारच्या सोबत्यासाठी उभा राहतो.

आता असे समजा, की हाच जिवाभावाचा सोबती परीक्षेत नक्कल करताना तुम्हाला दिसला. तुम्ही काय कराल? गप्प बसाल, की सांगाल?

अमेरिकेत हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट येथे १८०२ साली स्थापन झालेली लष्करी अकादमी आहे. तिने या प्रश्नाचे उत्तर नियमातच लिहून ठेवले आहे. तेथील सन्मानसंहिता एका वाक्यात मावते. कॅडेटने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये, इथपर्यंत कोणाचीच तक्रार असणार नाही. पण ती पुढे आणखी एक गोष्ट मागते : जे असे करतात त्यांनाही खपवून घेऊ नये. म्हणजे मित्राची लबाडी पाहून जो गप्प बसला, तोही दोषी!

हे ऐकून आपले मन थोडे आक्रसते. आपण लहानपणापासून शिकलो आहोत, की चहाडी करणे वाईट. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तर आपल्या जिभेवरच असते. घरातले घरात राहावे, मित्राचे मित्रात राहावे. मग एका नक्कल केलेल्या उत्तरासाठी सोबत्याचे आयुष्य उद्ध्वस्त करायचे का? ही शंका क्षुल्लक नाही. निष्ठा हाही सद्गुणच आहे.

मग सैन्य इतके कठोर का होते? त्याचे उत्तर परीक्षेच्या खोलीत सापडत नाही, रणांगणावर सापडते. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय या खेड्यात अमेरिकन सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. त्यांत म्हातारे होते, स्त्रिया होत्या, तान्ही मुले होती. तेथील स्मारकावर ५०४ नावे आहेत. ह्यू थॉम्प्सन नावाचा एक तरुण वैमानिक वरून हे पाहत होता. त्याने आपले हेलिकॉप्टर स्वतःच्याच देशाचे सैनिक आणि जीव मुठीत धरून लपलेले गावकरी यांच्या मधोमध उतरवले, काहींना वाचवले आणि परत जाऊन वरिष्ठांना सारे सांगितले. त्याने सोबत्यांचे झाकले नाही. ते झाकले वरच्यांनी. त्याचा आक्रोश एकेक पायरी वर चढताना सौम्य होत गेला आणि वर्षभराहून अधिक काळ जगाला काहीच कळले नाही.

त्या सैनिकांच्या डिव्हिजनचा प्रमुख होता जनरल सॅम्युअल कोस्टर. तो वेस्ट पॉइंटचाच पदवीधर. त्याच १९६८ साली तो वेस्ट पॉइंटचा प्रमुख झाला! मार्च १९७० मध्ये त्याच्यावर प्रकरण दडपल्याचे आरोप ठेवले गेले आणि त्याला अकादमीचे पद सोडावे लागले. पुढे खटला रद्द झाला, पण सैन्याने त्याचा हुद्दा एका पायरीने उतरवला. जेथे मुलांना ‘लबाडी खपवून घेऊ नका’ असे शिकवले जाते, तेथील सर्वोच्च खुर्चीवर बसलेल्या माणसावर हा ठपका यावा, हे किती विदारक आहे! थॉम्प्सन मात्र कोणत्याही नामांकित अकादमीत शिकला नव्हता. देशाने त्याला पदक दिले ते १९९८ साली, तीस वर्षांनी.

म्हणून सैन्य म्हणते, नक्कल झाकणारा उद्या प्रेतेही झाकील. गप्प बसण्याची सवय लहान गोष्टीत लागते आणि मोठ्या गोष्टीत उपयोगाला येते.

पण थांबा. ‘खपवून घेऊ नका’ या आज्ञेलाही एक काळी बाजू आहे. वेस्ट पॉइंटमध्ये पूर्वी मौनाची शिक्षा होती. ज्याने सन्मान गमावला असे कॅडेटांना वाटे, त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, त्याच्यासोबत कोणी राहायचे नाही. आता पाहा. १९३२ साली बेंजामिन डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय तरुण तेथे दाखल झाला. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. केवळ कातडीच्या रंगामुळे इतरांनी त्याच्यावर हेच मौन लादले. चार वर्षे तो खोलीत एकटा राहिला, एकटा जेवला. १९३६ साली २७६ जणांच्या वर्गात ३५वा येऊन तो बाहेर पडला आणि पुढे अमेरिकन वायुदलातील पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. त्या चार वर्षांत त्याच्या आजूबाजूचे तरुण खोटे बोलत नव्हते, चोरी करत नव्हते, आणि आपण सन्माननीय आहोत अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवणारा समाज आपोआप न्यायी होत नाही. ही मौनाची प्रथा कॅडेटांनी अखेर १९७३ मध्ये बंद केली.

तर मग एका बाजूला झाकणारी निष्ठा, दुसऱ्या बाजूला बोट दाखवणारी शुद्धता. दोन्हींत धोका आहे. वाट कोणती?

ॲरिस्टॉटल हा प्लेटोच्या शाळेत जवळजवळ वीस वर्षे राहिला. पण गुरूचा एक सिद्धांत खोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने लिहिले, की मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय असली तरी सत्याला आधी मान देणे हे आपले पवित्र कर्तव्य आहे. हे मोलाचे आहे, पण एवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही. सत्य आधी हे ठरले, तरी ते कोणाला सांगायचे आणि कधी सांगायचे?

येथे प्रभू येशू आपल्याला हात देतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तो पायऱ्या घालून देतो. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा आणि दोघांतच त्याला त्याची चूक दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. या पायऱ्यांच्या अलीकडे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि पलीकडे सत्तर वेळा सात क्षमा करण्याची शिकवण आहे. म्हणजे सांगण्याचा हेतू भावाला गमावणे हा नाही, त्याला परत मिळवणे हा आहे. अमेरिकन नौदलाची ॲनापोलिस येथील अकादमी याच्या जवळ जाते. तेथे चूक पाहणारा कॅडेट थेट तक्रार करू शकतो किंवा आधी त्या सोबत्याला समोरासमोर विचारू शकतो.

पण ही पहिली पायरी प्रत्येक वेळी लागू पडते का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने नेमका हाच प्रश्न घेतला. त्याचे उत्तर आजही ताजे वाटते. तो म्हणतो, गुप्त पाप केवळ करणाऱ्याचेच नुकसान करत असेल तर आधी एकांतात समजवा. पण ते पाप इतरांचा घात करणारे असेल, उदाहरणार्थ कोणी गुपचूप शहर शत्रूच्या हाती देऊ पाहत असेल, तर एकांताची वाट पाहू नका, लगेच सांगा. एकांतात सांगून अनर्थ टळेल अशी पक्की खात्री असेल, तेवढाच अपवाद. तेव्हा पहिला प्रश्न ‘मी मित्राशी एकनिष्ठ आहे का?’ हा नसून ‘माझ्या मौनाची किंमत कोण मोजणार?’ हा आहे. ती किंमत दुर्बळ मोजणार असेल, तर गप्प राहणे ही मैत्री नव्हे. तो त्या दुर्बळावरचा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट. नियमाचे ओझे फक्त धाकट्यांच्या खांद्यावर टाकून चालत नाही. १९७६ साली वेस्ट पॉइंटमध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एका परीक्षेत मोठ्या प्रमाणावर नक्कल झाली आणि दीडशेहून अधिक कॅडेटांना बाहेर जावे लागले. तेव्हा अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बोरमन स्वतः तेथलेच विद्यार्थी. त्यांच्या समितीने दोष केवळ मुलांवर ढकलला नाही. संस्थाही या अधःपतनाला जबाबदार आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. बाहेर गेलेल्यांपैकी अनेकांना वर्षभरानंतर परत येण्याची संधी मिळाली. तरीही प्रश्न कायमचा मिटला नाही. २०२० साली महामारीच्या काळात घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत पुन्हा ७३ कॅडेटांवर नक्कल केल्याचा आरोप आला. सचोटी एकदा शिकवून संपत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने शिकावी लागते.

संस्थेच्या नावासाठी झाकण्याचा मोह ख्रिस्तसभेलाही चुकलेला नाही. बालकांवरील अत्याचार दडपले गेल्याचे २००२ साली बोस्टनमध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी तेथील कार्डिनलांना पद सोडावे लागले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम केला, की अशा अत्याचाराची किंवा तो दडपल्याची माहिती असलेल्या प्रत्येक धर्मगुरूने व व्रतस्थाने ती कळवलीच पाहिजे. वेस्ट पॉइंटच्या संहितेतील ते शेवटचे कलम आता आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे, आणि ते योग्यच आहे. बालकाचा घात होत असताना ‘आधी एकांतात समजावू’ म्हणणे हे शुभवर्तमान नव्हे.

आता आपल्या दाराशी येऊ या. तुमचा मित्र मोबाइलवर जुगार खेळून पगार उडवतो आहे. गावभर बोलू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा, बाहेर ओट्यावर बसा आणि त्याच्याशीच बोला. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. त्याला सोडून सगळ्यांना सांगतो! पण शाळेची मुले नेणारा रिक्षावाला सकाळीच पिऊन येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो शेजारी आहे, नात्यातला आहे, म्हणून थांबू नका. आजच शाळेला सांगा. पतपेढीच्या हिशेबात विधवेची ठेव गायब दिसत असेल, तर ‘आपलाच माणूस आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ती विधवाही आपलीच आहे.

आणि ज्यांची मुले उद्या खडकवासल्याची परीक्षा देणार आहेत, त्या आई-वडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणाली, की वर्गात सगळ्यांनी नक्कल केली आणि मी एकट्यानेच केली नाही, तर ‘मग मार्क कमी पडणार’ असे म्हणू नका. अधिकारी घडवण्याचे काम प्रबोधिनी अठराव्या वर्षी हाती घेते. पण खरे बोलल्याबद्दल घरात शाबासकी मिळते की बोलणी, हे मूल त्याच्या कितीतरी आधी शिकलेले असते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू