शिंगं, खांदा आणि टप

वस्तू वापरावी की जपावी, हा प्रश्न अर्जुनाने कुरुक्षेत्रावर विचारला नाही. विचारायचं कारणच नव्हतं. त्याच्या रथाच्या घोड्यांचं सगळं श्रीकृष्ण बघत होता. ज्याची गाडी परस्पर दुसरा कोणी पुसतो, त्याला आत्मा, देह, जुनी वस्त्रं असले मोठे प्रश्न परवडतात. आपल्यासारख्यांचा प्रश्न कपाटातल्या कपबश्यांचा. लग्नात आलेला सेट, फुटेल म्हणून कधी काढायचा नाही. पाहुणे येतात, दांडी तुटलेल्या कपातून चहा पितात आणि काचेआडच्या सेटकडे बघत जातात. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, सोफ्याला आच्छादन, आच्छादन मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर. एकदा मी एका घरी त्या चादरीवर बसायला गेलो, तर यजमानीणबाईंनी लगबगीने खुर्ची पुढे केली.

आमच्या थोरल्या साडूंनी हा प्रश्न एकदम वीस फूट लांब करून ठेवला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चाकांवरचं घर घेतलं. मोठी प्रवासी गाडी, आत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी आणि ज्याला साडू 'सोय' म्हणतात ती सोय. मागचा वाढवलेला भाग फायबरचा. हेतू असा की थोरल्या मेव्हणीबाईंना, म्हणजे आमच्या हिच्या ताईंना, हिंडवून आणायचं. ताईंनी तीस वर्षं बदल्यांचे ट्रक भरले आणि उतरवले. आता एखादा प्रवास बिनसामानाचा करावा, एवढंच त्यांचं मागणं. गुडघे बोलू लागले होते, त्यामुळे मागण्याला मुदतही होती.

गाडी नांदुऱ्याला आली आणि घरासमोर उभी राहिली ती राहिलीच. साडूंनी रंगाचा अभ्यास सुरू केला होता.

हा अभ्यास ऐकण्यासारखा आहे, हे मी मान्य करतो. गाडीच्या पत्र्यावर आधी रंग आणि त्यावर पारदर्शक वार्निशासारखा एक थर असतो. उन्हाने, धुळीने, पाखरांच्या विष्ठेने मार बसतो तो या वरच्या थराला. म्हणून त्याच्याही वर मेण लावायचं, म्हणजे झीज आधी मेणाची होते. मेणांत श्रेष्ठ कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या रखरखीत मुलखात एक ताड होतो. आपल्या अंगातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. माणसं ती पानं तोडतात, वाळवतात, झोडपून मेण काढतात आणि गाड्यांना, गोळ्या-चॉकलेटांना चोपडतात. हे मेण ऐंशी अंशांच्या वर वितळतं, मधमाश्यांचं साठाच्या जरा पुढे. तरी आपल्या उन्हात कार्नोबाही फार टिकत नाही, दोनतीन महिन्यांत उतरतं. कारखान्यात केलेलं कृत्रिम लेपन जास्त टिकतं, पण त्याला ती ओली झाक नाही, असं साडू म्हणतात. फायबरची तऱ्हा आणखी वेगळी. ऊन खाऊन त्याच्यावर खडूसारखी भुकटी सुटते. ती आधी हलक्या हाताने घासून काढायची आणि मगच मेण. नाहीतर मेण भुकटीला लागतं, गाडी तशीच राहते.

हे सगळं त्यांच्या वहीत मोजमापासकट आहे. वही खात्याच्या सवयीने डाव्या बाजूला तारीख टाकून लिहिलेली.

अडचण जिल्ह्याची होती. मेण सावलीत, गार पत्र्यावर, पातळ लावायचं असतं. नांदुऱ्याला मे महिन्यात पत्रा गार सापडतो तो पहाटे चारला. त्याआधी गाडी धुवायची. पूर्णेकाठचा हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट. अंगावर वाळलं की पांढरे ठिपके, जणू गाडीला गोवर आला. कोरडं पुसावं तर धुळीतले कण कागदी पॉलिशसारखे ओरखडे काढतात. एका ट्रक ड्रायव्हरने सल्ला दिला, "डिझेलचा बोळा फिरवा साहेब, चमकते!" चमकली. संध्याकाळपर्यंत गावची सगळी धूळ येऊन चिकटली. शेवटी साडूंनी प्यायच्या पाण्याच्या हंड्याकडे पाहिलं, आणि ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आठ दिवसांनी नळ येतो. त्यातलं पाणी गाडीला?"

या प्रश्नाला वहीत उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात जिथे टँकरमागे बाया पळतात, तिथे चार बादल्या चमकेवर ओतणं हे पाप आहे की नाही, यावर मी आणि साडू तासभर बोललो. साडू म्हणाले, चार बादल्यांत लाखांची वस्तू वाचते. हिशेब बरोबर होता. पण हंडा कोणाचा, हे त्यात कुठेच नव्हतं. अखेर अर्धी बादली, दोन मऊ फडकी आणि फडकं दर वेळी पिळून उलटायचं, यावर तह झाला. काम तेवढ्यात होतं, असं निघालं. एरवीच्या साडेतीन बादल्या कशाला लागत होत्या, हे मी विचारलं नाही. साडू वयाने मोठे आहेत.

तर गाडी चमकली. साडूंनी दारावर पाणी शिंपडून दाखवलं. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन घरंगळले. मला अळवाचं पान आठवलं. त्याच्यावरही मेणच असतं. आपल्या वाडवडिलांनी अळवावरचं पाणी पाहून आयुष्य क्षणभंगुर म्हटलं, पण त्या वेळी त्यांचं लक्ष थेंबाकडे होतं. पानाच्या दृष्टीने तेच थेंब चाललेत हे सुखाचं आहे.

तेवढ्यात शेजारचे मामा आले. जन्मभर बैलं राखलेला माणूस. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, हात मागे बांधून.

"लय झकास झाली जी. टपावर काय लावलं?"

"टपावर कोण बघतं?" साडू म्हणाले.

"ऊन पाह्यते ना भाऊ."

मामा पुढे जे बोलले त्यात उपदेश नव्हता, त्यांना पोळ्याची आठवण झाली होती इतकंच. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जूवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद-लोणी चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणून बैलांना बोलावणं करतात. शिंगांना रंग, बेगड, झूल, हे दुसऱ्या दिवशी, तोरणाखाली गाव बघायला जमतं तेव्हा. "शिंगं लोकाईसाठी, खांदा बैलासाठी," मामा म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

मला हे फार पटलं, आणि थोडं अडलंही. कारण शिंगं रंगवणं खोटं आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. तोरणाखाली रंगवलेल्या बैलाजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्या मिरवण्यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? शिवाय लोक बघतात म्हणूनही माणूस पुष्कळ गोष्टी नीट ठेवतो. दिवाळीला पाहुणे आले नसते तर कित्येक घरांना चुना लागला नसता. फक्त दोन्ही दिवसांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. खांदा आदल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी साडू शिडी लावून टपावर चढले. वरच्या झरोक्याभोवतीचा सांधा उन्हाने भेगाळून गेला होता. पहिल्या पावसात पाणी सरळ ताईंच्या बिछान्यावर पडलं असतं. साडूंनी सांधा भरला, फायबर घासलं, पातळ मेण दिलं. खाली उतरले तेव्हा कोपरं सोललेली आणि बोलणं कमी झालेलं. वहीत त्या दिवशी फक्त 'टप' एवढंच लिहिलंय.

आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर गाडी निघाली, लोणारला. सरोवराचं पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त की मेणाचं काही खरं नाही, असं साडू वाटेत सांगत होते. "सरोवरात गाडी घालायची आहे का?" ताईंनी विचारलं. मेहकरच्या पुढे एका वळणावर समोरून ट्रक आला, साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि बाभळीची फांदी कर्रकन डाव्या अंगावरून गेली. मी डोळे मिटले.

साडू खाली उतरले. ओरखड्यावरून त्यांनी नख फिरवलं. नख अडकलं तर घाव रंगापर्यंत, नाही अडकलं तर वरच्यावर. दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा चष्मा लावून फिरवलं. आत ताईंनी गॅस पेटवला होता, कपाटातल्या सेटमधल्या चार कपबश्या ओट्यावर मांडल्या होत्या. खिडकीतून हात बाहेर आला.

"अहो, निवतोय."