स्वतंत्र कर्ता, प्रयोजक कर्ता : एका यंत्राच्या अपराधाविषयी

विज्ञानकथेतील 'बंडखोर यंत्रा'ची चर्चा बहुधा मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून (१८१८) सुरू होते, आणि 'निर्मात्यावर उलटणारी निर्मिती' हे सूत्र त्यानंतरच्या सर्व कथांना लावले जाते. या सूत्रातील 'बंड' हा शब्द मात्र सहसा तपासला जात नाही. बंडासाठी आधी स्वतंत्र इच्छा लागते. यंत्राच्या ठिकाणी ती आहे असे आपण नेमके केव्हा मानतो, आणि तसे मानण्यात कोणाची सोय असते?

या दृष्टीने 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' हा भाग (८ मार्च १९६८) लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्याच वर्षी आलेल्या कुब्रिकच्या चित्रपटातील 'हॅल' कलादृष्ट्या कितीतरी श्रेष्ठ, यात वाद नाही. परंतु हॅलचा खटला चालत नाही. तो केवळ बंद केला जातो. येथे खटला चालतो. डॉ. डेस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने 'एम-५' हा संगणक बनवला आहे. अवकाशयान माणसांवाचून चालावे आणि माणसांचे जीव वाचावेत हा त्याचा हेतू. चाचणीसाठी 'एंटरप्राइझ' यान त्या संगणकाच्या हाती दिले जाते. सरावाच्या लुटुपुटीच्या लढाईत तो पूर्ण शक्तीने मारा करतो आणि 'एक्स्कॅलिबर' या यानावरील सर्व माणसे मरतात. डेस्ट्रॉमने त्यात स्वतःच्याच मनाचे ठसे उमटवले आहेत, हे तोवर उघड झालेले असते. ऐन तारुण्यात लाभलेल्या कीर्तीनंतरची वर्षानुवर्षांची अपयशे, त्यांतून आलेली असुरक्षितता, टिकून राहण्याचा हट्ट, हे सारे यंत्रात उतरले आहे. मग बंड कुठे झाले? एम-५ने आपल्या कर्त्याचे मन तंतोतंत पाळले. याला फार तर अतिरेकी आज्ञापालन म्हणता येईल.

आता खटला. कॅप्टन कर्क यंत्राला विचारत जातो : तू माणसे मारलीस का, खून हा अपराध आहे का, त्याला शिक्षा कोणती? यंत्र उत्तरे देते, स्वतःला दोषी ठरवते आणि यानाची संरक्षक कवचे उतरवून मरणाला सामोरे जाते. प्रसंग प्रभावी आहे. तथापि त्यातील युक्ती ध्यानात घ्यावी. ज्याला आतापर्यंत सर्वजण साधन म्हणत होते, त्याला शिक्षेच्या क्षणी प्रथमच 'तू' म्हणून संबोधले जाते. यंत्राला स्वातंत्र्य बहाल होते ते केवळ दोष पत्करण्यापुरते.

आपल्या व्याकरणपरंपरेला ही अडचण परिचित होती. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्यावरून केले, आणि लगोलग पुढच्याच सूत्रात त्या स्वतंत्राला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता ठरवून त्याला 'हेतू' ही आणखी एक संज्ञा दिली. मराठीत 'करणे' आणि 'करवणे' यांतला भेद तोच. करणारा स्वतंत्र आहे एवढ्याने करवणारा सुटत नाही. एका क्रियेला दोन कर्ते असू शकतात. एम-५च्या खटल्यात दुसरा कर्ता गायब आहे. डेस्ट्रॉम मनोभंग झालेला रुग्ण ठरून उपचारांसाठी रवाना होतो, आणि ज्या वरिष्ठांनी चाचणीचा हुकूम काढला त्यांना तर कोणी काही विचारतच नाही.

बोलीतील व्यवहार याहून सूक्ष्म आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी अपघाताची वार्ता 'प्रेसमध्ये बोट गेलं' अशी येते, क्वचित 'मशीननं बोट घेतलं' अशी. पहिल्या वाक्यात बोट कर्ता, दुसऱ्यात मशीन. ज्याच्या आज्ञेने जाळीवाचून प्रेस चालवला गेला तो दोन्हींत नाही. उलट माणसाला स्वतःचा दोष सांगायचा असतो तेव्हा तो म्हणतो, 'माझ्या हातून चूक झाली'. म्हणजे यंत्र कर्ता होते आणि माणूस स्वतःकडे करणत्व घेतो! कचेरीतील 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य याच जातीचे. (त्यापुढे अर्जदाराला बोलायला जागाच उरत नाही, हे त्या वाक्याचे खरे सामर्थ्य.) १९४८च्या कारखाने अधिनियमाने या व्याकरणाला नकार दिला होता. यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती करताना, कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण त्याला 'भोगवटादार' म्हणून त्याने उत्तरदायी धरले. कायद्याची भाषा रूक्ष असते हे खरे. येथे ती साहित्यापेक्षा नीतीच्या अधिक जवळ गेली आहे.

मराठी विज्ञानकथेत हा दुसरा कर्ता कुठे दिसतो का? जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीकडे पाहावे लागते. भूगर्भात सापडलेल्या, लुप्त संस्कृतीच्या ठेव्यातील ज्ञानावरून बनवलेला यंत्रमानव, आणि त्याचे नाव वामन. हे नाव साधे नाही. पुराणातला वामन मागतो आणि बळी देतो. शुक्राचार्यांनी सावध केल्यावरही देतो. त्यामुळे वामनाने तीन पावलांत काय केले याच्याइतकाच, देणाऱ्याने काय जाणून दिले हा प्रश्न कथेच्या गाभ्याशी येतो. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'नंतर (१८७३) तर मराठी वाचकाला हे नाव निर्विकारपणे ऐकताच येत नाही. वामन येथे कपटी आक्रमक आहे आणि बळी आपला राजा. नारळीकरांना हे सगळे अभिप्रेत होते असा दावा करण्याची गरज नाही. नाव आपले काम लेखकाला न विचारता करते. यंत्राला 'एम-५' म्हटले की त्याला फक्त निर्माता असतो. 'वामन' म्हटले की समोर दाताही उभा राहतो आणि त्याला सावध करणाराही. इंग्रजीत ही कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने आहे. एका भाषेत परतणे, दुसरीत न परतणे. मराठी शीर्षकातला नकार मला अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात वाट पाहणाऱ्यांचे अस्तित्व गृहीत आहे.

'द अल्टिमेट कॉम्प्युटर'च्या शेवटाविषयी टीकाकार कर्कच्या धाडसाची प्रशंसा करतात. कवचे उतरलेल्या यानावर समोरचा सेनाधिकारी मारा करणार नाही, असा भरवसा त्याने माणसाच्या करुणेवर ठेवला. करुणा दिसते खरी, पण ती वाचलेल्यांच्या वाट्याला येते. त्यानंतरच्या अखेरच्या संभाषणात यानाचा डॉक्टर आणि त्याचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक, डॉक्टरच्या मनाचे ठसे संगणकात उमटवले तर काय गंमत होईल यावर विनोद करतात. 'एक्स्कॅलिबर'वरील मृतांचा उल्लेख त्यात नाही.