आवाज कुणाचा?

पुण्यात अप्पर इंदिरानगरकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या एका मंडळाने एका वर्षी गणेशोत्सवात जिवंत देखावा करायचं ठरवलं. विषय कचऱ्याचा. पौराणिक देखाव्याला गर्दी जास्त जमते हे ठाऊक असूनही पोरांनी हाच विषय घेतला, कारण गल्लीच्या तोंडाशी साचणारा ढीग त्यांना रोज ओलांडावा लागत होता.

जिवंत देखाव्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा प्रयोग, भोवती रस्त्याचा गोंगाट; घसा टिकणार कसा? पोरांनी वर्गणीतून स्टुडिओ घेतला आणि एका कसलेल्या निवेदिकेकडून कचरावेचक बाईचे संवाद बोलून घेतले. ती बाई हुंदके देत नागरिकांपुढे हात जोडायची.

एका दुपारी तालमीपाशी मावशी थांबली. त्याच भागातल्या इमारतींचा कचरा ती गोळा करायची. बाहत्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून पुण्यात आलेली. 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली तेव्हाची सभासद, आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून कामाला लागलेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेतली. तिने अख्खा देखावा उभ्याने ऐकला.

"बाई लई रडती," ती म्हणाली. "एवढं रडाया येळ कुणाला हाय?"

"मग काय दाखवू, मावशी?" दिग्दर्शक पोराने विचारलं. तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला.

मावशी कचरावेचक बाईची भूमिका करणाऱ्या पोरीशेजारी टेकली. "ओला-सुका आमी निवडतो, त्याचं काय नाय. पर पिशवी उघडली की वापरलेलं पॅड हाताला लागतं. त्याच हातानं मग भाकरी खायची. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका द्या. ठिपका दिसला की आमी उघडत नाय. एवढंच सांगा."

लाल ठिपक्याची ही मोहीम तिच्याच संस्थेची. वापरलेल्या पॅडची जबाबदारी घ्या म्हणून 2013 मध्ये या बायकांनी पॅड गोळा करून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. एवढी धमक असलेल्या बाईला आपण हुंदके देत उभं केलं होतं, हे पोरांच्या ध्यानात आलं.

मंडळाचे अध्यक्ष मात्र अडून बसले. "बाप्पासमोर हा विषय?"

"काका, बाप्पासमोर बोलायचं नाही," पोरगी म्हणाली, "आणि मावशींनी मात्र रोज हातात धरायचं?"

काका पटल्यासारखे दिसले नाहीत, पण पुन्हा काही बोललेही नाहीत. त्या रात्री मंडळाच्या खोलीत पंखा बंद करून मावशीचा आवाज मोबाइलवर घेतला. मध्येच तिला खोकला आला, शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. पोरांनी दोन्ही ठेवलं. मला ती शिटी फार मोलाची वाटते. स्टुडिओत ती कधीच आत आली नसती.

पहिल्या प्रयोगाला काही जणी लेकरांचा हात धरून निघून गेल्या. काही पुरुष मोबाइल बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र निघून गेलेल्यांपैकी एक सासूला घेऊन परत आली. मावशी एकदाही आली नाही. तिला पहाटे पाचला उठायचं असायचं.

विसर्जनानंतरच्या सोमवारी पोरगी मावशीबरोबर फेरीला गेली. चार मजल्यांच्या इमारतीत बऱ्याच बादल्या नेहमीसारख्याच होत्या. दोन पुड्यांवर लाल पेनाचे ठिपके निघाले. वरच्या मजल्यावरच्या बादलीत वर्तमानपत्राची तिसरी पुडी होती, दोऱ्याने नीट बांधलेली. त्या घरात लाल पेन नसावं. ठिपका बोटाने टेकवलेला होता, कुंकवाचा.

मावशीने पुडी उचलली, न उघडता वेगळ्या पिशवीत ठेवली. बोटाला लागलेलं कुंकू तिने पुसलं नाही.